एका पहाटेच्या किती तारखा? ६ जून १६७४ नीट वाचताना

जून आला की शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यासाठी रायगडावर दोनदा गर्दी होते. एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. ही त्रयोदशी २०२३ मध्ये २ जूनला आली, २०२४ मध्ये २० जूनला, २०२५ मध्ये ९ जूनला. मग व्हॉट्सअ‍ॅपवर तारीखवाले आणि तिथीवाले असे दोन तट पडतात. त्यांची जुंपलेली असतानाच एखादा तिसरा येऊन सांगतो, की खरा दिवस १६ जून आहे, बाकी सगळे चुकताहेत. त्याला दोन्ही बाजूंनी शिव्या बसतात. गंमत अशी, की तिघेही एकाच पहाटेबद्दल बोलत असतात आणि तिघांचाही हिशेब आपापल्या जागी चोख असतो.

हे नीट कळायला त्या पहाटेची नोंद जवळून पाहावी लागते. शिवकालाच्या तारखा ठरवताना अभ्यासक ज्या कागदावर बरीच भिस्त ठेवतात, तो म्हणजे जेधे शकावली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणं. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं, याची थोडक्यात टाचणं. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ती उजेडात आणली. राज्याभिषेकाची नोंद त्यात जेमतेम दोन-तीन ओळींची आहे, पण प्रत्येक आकडा कामाचा आहे. शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, २१ घटी ३४ पळे, आणि तीन घटिका रात्र उरली असताना राजे सिंहासनावर बसले.

इथेच पहिली ठेच लागते. बारस? शुक्रवार? आपण तर त्रयोदशी म्हणतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात शनिवार असतो. शकावली लिहिणाऱ्याची चूक झाली का? नाही. आपल्याला पंचांग वाचायची सवय राहिलेली नाही, एवढंच.

आधी वार पाहू. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. एक घटिका (किंवा घटी) म्हणजे २४ मिनिटं आणि तिचा साठावा भाग म्हणजे पळ. म्हणजे तीन घटिका रात्र उरली याचा अर्थ उजाडायला सव्वा तास होता. साडेचारच्या आसपासची वेळ. सूर्य उगवला नव्हता, त्यामुळे पंचांगाच्या हिशेबाने शुक्रवारच चालू होता. इंग्रजांचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो, तेव्हा त्यांच्या लेखी शनिवार लागून साडेचार तास झाले होते. मुसलमानी पद्धतीत दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणजे तिथे शनिवार आदल्या संध्याकाळीच सुरू झालेला. घटना एक, तिघांचे वार बदलायच्या वेळा तीन.

आता तिथी. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पुरी होते. अशा तीस तिथ्यांचा एक महिना. चंद्राची चाल सारखी नसते, कधी तो घाई करतो, कधी रेंगाळतो, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत संपते तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. ती सूर्योदयालाच सुरू व्हावी असा काही नियम नाही. भर दुपारी किंवा मध्यरात्रीही बदलते. मग अख्ख्या दिवसाला कोणत्या तिथीचं नाव द्यायचं? रूढी अशी, की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. शकावलीतल्या २१ घटी ३४ पळांचा उपयोग इथे होतो. त्या शुक्रवारी द्वादशी सूर्योदयापासून एवढा वेळ होती, म्हणजे सुमारे ८ तास ३८ मिनिटं. दुपारी दोनच्या सुमारास ती संपली आणि त्रयोदशी लागली. पहाटे सिंहासनारोहण झालं तेव्हा आकाशात त्रयोदशी होती, पण दिवस मात्र द्वादशीचा म्हणून ओळखला जाणारा शुक्रवार होता. टिपण लिहिणाऱ्याने दिवसाचं नाव लिहिलं आणि तिथी कधी संपली तेही सोबत लिहून ठेवलं. बारसही खरी आणि तेरसही खरी. दोन ओळींच्या टाचणात एवढा काटेकोरपणा पाहिला की माझ्यासारख्याला, ज्याला कालची तारीख मोबाइलमध्ये बघावी लागते, थोडं ओशाळल्यासारखं होतं.

हे झालं आपल्या बाजूचं. आता ६ जून कुठून आला ते पाहू.

मुंबईहून हेन्री ऑक्सिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील तहाच्या वाटाघाटींसाठी रायगडावर आला होता. नारायण शेणवी त्याचा दुभाषा. समारंभाच्या आधीपासून ऑक्सिंडेन तिथे होता आणि रोजनिशी ठेवत होता. सकाळी सात-आठच्या सुमारास आपण दरबारात गेलो, राजे भव्य सिंहासनावर बसलेले होते, असं त्याने लिहिलंय. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हं, त्यांतली सोन्याची मोठ्या दातांची मत्स्यमुखं, घोड्यांची शेपटं आणि सोन्याचा तराजू, हे सगळं त्याने टिपलंय. दाराशी उभे असलेले हत्ती पाहून मात्र तो चक्रावला. एवढ्या अवघड वाटेने हे जनावर वर आणलं तरी कसं, हा त्याचा प्रश्न आजही रायगडाच्या पायऱ्या चढताना धाप लागलेल्या माणसाला पडतोच. तर या ऑक्सिंडेनच्या रोजनिशीत त्या दिवसाची तारीख आहे ६ जून.

पण ही कोणाची ६ जून? इंग्रजांची. आणि १६७४ साली इंग्रज जी दिनदर्शिका वापरत होते, ती आज आपल्या भिंतीवर आहे ती नव्हे.

रोमचा सर्वसत्ताधीश झालेल्या ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४६ च्या सुमारास कालगणनेची जी घडी बसवली, तिला ज्युलियन म्हणतात. नियम सोपा: तीन वर्षं ३६५ दिवसांची, चौथं ३६६ चं. सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचं. प्रत्यक्षात ऋतुचक्र पुरं व्हायला ३६५.२४२२ दिवस लागतात. फरक वर्षाला ११ मिनिटांचा. कोणाच्या लक्षात येणार? पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो, आणि दिवस साचत जातात. इ.स. ३२५ मध्ये वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, २१ मार्चला धरला होता. सोळाव्या शतकात तो ११ मार्चला येऊ लागला. ईस्टरचा सण या संपातावर ठरतो, त्यामुळे चर्चची पंचाईत झाली. शेवटी पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये फर्मान काढलं. ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार. मधल्या दहा तारखा गाळून टाकल्या. पुढे गळती होऊ नये म्हणून नियम केला की शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप वर्ष. म्हणून १६०० आणि २००० लीप, १७००, १८००, १९०० नाहीत. आपण वापरतो ती ही ग्रेगोरियन.

स्पेन, पोर्तुगाल, इटलीतली राज्यं यांनी हे लगेच स्वीकारलं. प्रॉटेस्टंट इंग्लंडला पोपचं ऐकायचं नव्हतं. सूर्याशी भांडण चालेल पण रोमशी जुळवून घेणार नाही, अशा थाटात ते पुढची १७० वर्षं ज्युलियनलाच चिकटून राहिले. १७५२ मध्ये एकदाचे वळले. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला.

या युरोपीय भाऊबंदकीचा आपल्याशी संबंध असा, की सतराव्या शतकात हे सगळे जण कोकण किनाऱ्यावर येऊन बसले होते. मुंबई इंग्रजांची, तिथे ज्युलियन. साष्टी, वसई, चौल, गोवा पोर्तुगीजांकडे, तिथे ग्रेगोरियन. वेंगुर्ल्याला डचांची वखार, तीही ग्रेगोरियनवर. माहीमला इंग्रज आणि खाडीपलीकडे वांद्र्याला पोर्तुगीज, म्हणजे होडीत बसून माहीमची खाडी ओलांडली की तारीख दहा दिवस पुढे जायची! ज्या शनिवारी मुंबईत ६ जून होता, त्याच शनिवारी वांद्रे, चौल आणि पणजीकडे १६ जून होता. मुंबईकर इंग्रजांचा नाताळ येईपर्यंत खाडीपलीकडे नवं वर्ष लागलेलं असायचं.

हे झालं फक्त फिरंग्यांचं. मोगलांच्या कागदांत तोच दिवस हिजरी १०८५ च्या रबिउल अव्वल महिन्यात पडतो. मराठी दफ्तरात आणखी एक गणना मुरलेली होती, सुहूर सन. अरबी नावांचा हा सन सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत. शेतसाऱ्याला सोयीचा. त्यानुसार तेव्हा नुकतंच ‘खमस सबैन अलफ’ लागलं होतं: खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४. पाटलाच्या चावडीवरचा कारकून हे सगळं एका कागदावर बिनधास्त लिहीत असे. महिना हिजरी, वर्ष सुहूर, वर शक आणि तिथी. आपण मात्र दोन तारखांवरून हातघाईवर येतो.

आता शंका अशी येईल, की पुस्तकातला ६ जून ज्युलियनच आहे हे कशावरून? कोणीतरी आधीच बदलून ग्रेगोरियन केला असेल तर? याची परीक्षा घरबसल्या करता येते, आणि तिचं हत्यार आहे वार. तारखा गाळल्या, वाढवल्या, पण आठवड्याचं चक्र कोणी मोडलं नाही. १५८२ मध्येसुद्धा गुरुवारनंतर शुक्रवारच आला. शुक्रवार-शनिवारची माळ आपल्या पंचांगात आणि युरोपात एकच आहे. ग्रेगोरियन गणित १६७४ पर्यंत मागे नेलं तर ६ जूनला बुधवार येतो. नोंद मात्र शुक्रवार संपताना, शनिवारी पहाटे अशी आहे. शनिवार येतो १६ जूनला. म्हणजे ६ जून ही ज्युलियन तारीख आहे यात शंका उरत नाही. मोबाइलमधलं कॅलेंडर तेवढं मागे जात असेल तर पाहून घ्या. काही कॅलेंडरं मात्र १७५२ च्या आधीच्या तारखा स्वतःच ज्युलियन दाखवू लागतात, तेवढं लक्षात ठेवा.

चंद्रही साक्ष देतो. गणिताने त्या महिन्याची पौर्णिमा ग्रेगोरियन १८ जूनच्या आसपास पडते. १६ जूनची पहाट म्हणजे पौर्णिमेच्या दोन दिवस अलीकडे, म्हणजे त्रयोदशी. ग्रेगोरियन ६ जूनला तर शुद्ध पक्ष जेमतेम सुरू झाला होता, चंद्राची कोर दिसायची मारामार.

मग १६ जूनवाला जिंकला का? माझं मत विचाराल तर, उत्सवासाठी ६ जून बदलायचं काही कारण नाही. ऑक्सिंडेनने त्या दिवशी लिहिलेली ती तारीख आहे, समकालीन कागदावरची. इंग्रज अभ्यासकही आपल्या १७५२ पूर्वीच्या घटना सहसा जुन्या तारखेनेच सांगतात. न्यूटन १६४२ च्या नाताळात जन्मला असंच तिकडे म्हणतात, नव्या गणनेने तो ४ जानेवारी १६४३ असला तरी. पण दोन ठिकाणी हा फरक विसरून चालत नाही.

एक म्हणजे ऋतू. ६ जून म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पावसाच्या तोंडावरचा रायगड येतो. ढग दाटलेत, अजून पडत नाही, असा. सूर्याच्या हिशेबाने ती वेळ आजच्या १६ जूनची होती. मृग लागून दहा-बारा दिवस उलटले होते. कोकणात या दहा दिवसांत काय फरक पडतो हे महाडकडच्या शेतकऱ्याला विचारा. एवढी माणसं, हत्ती, सामानसुमान गडावर होतं, त्यांची व्यवस्था कशी लावली असेल याचा विचार करताना जूनचा पहिला आठवडा नव्हे, मध्य धरायला हवा.

दुसरं म्हणजे दोन दरबारांचे कागद शेजारी ठेवून वाचणं. समजा गोव्याचं एक पत्र १० जूनचं आहे आणि मुंबईचं ६ जूनचं. सरळ वाचलं तर गोव्याचं पत्र चार दिवस नंतरचं वाटतं. प्रत्यक्षात ते सहा दिवस आधीचं आहे, कारण पोर्तुगीज १० जून म्हणजे इंग्रजी ३१ मे. कोणी कोणाला आधी कळवलं, कोणाची बातमी ऐकून कोणी पाऊल उचललं, हा अख्खा क्रम उलटा होऊ शकतो.

अशी फसगत जगभर झालीय. शेक्सपियर आणि सर्व्हांतेस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले, ही तर लाडकी कथा. पण स्पेनचा २३ एप्रिल ग्रेगोरियन आणि इंग्लंडचा ज्युलियन, म्हणजे दोघांत दहा दिवसांचं अंतर. रशियातली ‘ऑक्टोबर क्रांती’ नोव्हेंबरात साजरी व्हायची तीही याच कारणाने.

आपल्याकडे शिवजयंतीचं उदाहरण ताजं आहे. आधी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७, ही तिथी मानली जायची. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, शुक्रवार, अशी नोंद मिळाली. पुढे इतर पुराव्यांनी तिला बळ मिळालं आणि या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारली. हा वाद मात्र वेगळ्या जातीचा. तिथे खरोखर दोन वेगळे दिवस समोर होते आणि पुरावा तोलून एक निवडावा लागला. ६ की १६ जून यात निवड करण्यासारखं काही नाही, दिवस एकच आहे. या दोन प्रकारांची गल्लत केली की वाद कधी मिटत नाही. आणि हो, १९ फेब्रुवारीसुद्धा ज्युलियनच. शुक्रवार पडताळून पाहिला तर ग्रेगोरियन तारीख निघते १ मार्च १६३०. त्या वेळच्या इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे एखाद्या इंग्रजाने हा दिवस लिहिला असता तर १६२९ चा फेब्रुवारी लिहिला असता. तो गुंता वेगळाच.

१७०० नंतर फरक अकरा दिवसांचा होतो. थोरल्या बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० ला झाला असं आपण वाचतो, ते नव्या गणनेने ९ मे. पानिपताची १४ जानेवारी १७६१ मात्र जशीच्या तशी घ्यायची, कारण तोवर इंग्रजही सुधारले होते. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, सगळं जुळतं. पण इथे एक निराळीच गोष्ट निसटते. पानिपतावर संक्रांत कोसळली असं आपण म्हणतो, आणि १४ जानेवारी म्हणजे संक्रांतच, असं मनात पक्कं बसलेलं असतं. आपली संक्रांत नक्षत्रांवर चालते आणि साधारण ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास होती. लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन चारेक दिवस लोटले होते. म्हणीतली संक्रांत खरी, पंचांगातली नव्हे.

उरला तो तिथीवाल्यांचा मुद्दा. त्रयोदशी २ जून, मग २० जून, मग ९ जून अशी उड्या का मारते? चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं. म्हणून तिथी दर वर्षी ११ दिवस अलीकडे येते. अशी ती ऋतू सोडून भरकटत जाऊ नये म्हणून अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतात, की ती एकदम १८-१९ दिवस पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणूनच २०२४ ची त्रयोदशी एवढी लांबली. तिथीने साजरं करणारा त्या पहाटेचा चंद्र धरून असतो. तारखेने साजरं करणारा कागदावरचा आकडा धरून असतो. १६ जूनवाला सूर्य धरून असतो. तिन्ही एकाच दिवशी यायचा योग क्वचितही नाही, कारण ६ आणि १६ एका दिवशी येणार कसे!

एक गोष्ट मात्र या सगळ्या भांडणात कोणी फारशी काढत नाही. त्या पहाटेपासून महाराजांनी स्वतःची कालगणना सुरू केली, राज्याभिषेक शक. त्याचं वर्ष गुढीपाडव्याला बदलत नसे, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलत असे. १६७४ चा राज्याभिषेक शके १, म्हणजे इसवी सनातून १६७३ वजा करायचे, आणि त्रयोदशी अजून यायची असेल तर १६७४. पानिपत जानेवारीत झालं, त्रयोदशी लांब होती, तेव्हा १७६१ मधून १६७४ वजा: राज्याभिषेक शके ८७. मराठी राजपत्रांच्या डोक्यावर हा आकडा १८१८ पर्यंत दिसतो.